बाबांची रक्तदाबाची गोळी, नाचणीची भाकरी आणि पेशीतला कॅल्शियम चॅनल

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या एका ताईंच्या वडिलांना (वय ६८) रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिलीग्रॅम सुरू झालं आहे. ही गोळी ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ आहे असं कळल्यापासून त्यांनी दूध आणि नाचणीची भाकरी बंद केली आहे. कॅल्शियम अडवायची गोळी घ्यायची आणि वर कॅल्शियमच खायचं, म्हणजे गोळी वाया, असं त्यांचं म्हणणं. आईंना उलटी काळजी: या गोळीनं हाडं ठिसूळ झाली तर? आणि बारावीतल्या मुलीचा प्रश्न तिसराच: सोडियम आणि कॅल्शियम यांचे आयन (विद्युतभार असलेले अणू) जवळपास सारख्याच आकाराचे असतात, तर चॅनलला, म्हणजे पेशीच्या पटलातल्या त्यांच्या दाराला, त्यांतला फरक कळतो कसा?

मी पुण्यातच वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि आयन चॅनलमधून वाहणारा प्रवाह मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. आधी घरातला वाद मिटवू. बाबांना दूध पिऊ द्या, भाकरी खाऊ द्या. आहारातल्या कॅल्शियमनं ॲम्लोडिपिनचा परिणाम कमी होत नाही आणि ॲम्लोडिपिननं हाडांतलं कॅल्शियम झिजत नाही. असं का, हे मात्र मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय नीट सांगता येणार नाही. तिनं विचारलंय तो या विषयातला सगळ्यात खोल प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. आपण रोज ‘कॅल्शियम’ म्हणतो ते हे. पण उरलेल्या एका टक्क्यातलाही अगदी थोडा भाग रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात सुटा, आयनरूपात फिरत असतो, लिटरमागे सुमारे १.२ मिलिमोल. पेशीच्या आत तेच प्रमाण याच्या दहा हजारांश किंवा त्याहूनही कमी असतं. पेशी कॅल्शियमला आत टिकूच देत नाही. आत आलेला आयन पंपांनी बाहेर फेकला जातो किंवा आतल्याच एका पिशवीत (तिला जालिका म्हणतात) कोंडला जातो. या कामासाठी पेशी सतत एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, खर्च करते.

इतका आटापिटा का? पेशीचा सगळा ऊर्जेचा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की साका बसतो. हाडात हा साका हवाच असतो, पेशीच्या आत तो घातक. त्यामुळे कॅल्शियम बाहेर ठेवणं ही पेशीची फार जुनी गरज असावी, असं बहुतेक जीवशास्त्रज्ञ मानतात. पण त्यातूनच एक विलक्षण सोय झाली.

मुलीला कागद-पेन घेऊन हे गणित करायला सांगा. पेशीच्या आतला एक घन मायक्रोमीटर एवढा तुकडा घ्या. तिथे सुटे कॅल्शियम आयन किती? सुमारे ६०. सोडियम आयन किती? सुमारे ६० लाख. आता पेशीच्या पटलातला एक चॅनल एका मिलिसेकंदासाठी उघडला आणि त्यातून हजारेक आयन आत आले असं धरा. ते सोडियमचे असतील तर साठ लाखांत हजार, कोणाला पत्ताही लागणार नाही. पण कॅल्शियमचे असतील तर साठाचे एकदम हजारावर गेले. त्यातले पुष्कळसे लगेच प्रथिनांना चिकटतात हे खरं, पण ते चिकटणं हाच तर निरोप असतो. जिथे इतकी शांतता राखली आहे तिथेच थोड्या आयनांनी मोठी गोष्ट सांगता येते. स्नायूनं आकुंचन पावायचं, स्वादुपिंडातल्या पेशीनं इन्शुलिन सोडायचं, मज्जातंतूच्या टोकानं पुढच्या पेशीला रसायन पोचवायचं, या सगळ्यांची आज्ञा कॅल्शियमच्या अशाच क्षणिक लाटेतून येते.

कॅल्शियमचं हे दुसरं रूप पहिल्यांदा ध्यानात आलं ते पाण्यामुळे. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत होते. १८८३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की आधीचं द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नव्हतं, नळाच्या पाण्याचं होतं. ऊर्ध्वपातित पाणी वापरलं की हृदय हळूहळू थंडावे, आणि चिमूटभर कॅल्शियमचा क्षार घातला की पुन्हा आकुंचन पावू लागे. वाघोली, बाणेरकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, त्यात मुख्यतः कॅल्शियमचेच क्षार असतात. त्या थरातला मुख्य धातू हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला लागतो, ही गोष्ट मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगतो, कारण पुढची पाचही वर्षं ती विसरून चालत नाही.

आता चॅनलकडे. पेशीपटल म्हणजे मेदाचा दुपदरी थर. विद्युतभारित आयन त्यातून आपोआप जाऊ शकत नाही. म्हणून पटलात आरपार बसलेलं प्रथिन लागतं. विद्युतदाबावर चालणाऱ्या कॅल्शियम चॅनलचा मुख्य भाग ही एकच लांबलचक साखळी असते. ती चार सारख्या भागांत दुमडलेली असते आणि प्रत्येक भागात पटल ओलांडणारे सहा दांडे. चारही भाग गोल करून बसतात, मधोमध छिद्र उरतं. सोबत दोन-तीन मदतनीस प्रथिनं असतात. मानवात मुख्य साखळीची दहा जनुकं आहेत. काही प्रकार हृदयात आणि रक्तवाहिन्यांत, काही मज्जातंतूंच्या टोकांशी, काही मेंदूच्या लयीशी जोडलेले. सशाच्या स्नायूतल्या या चॅनलची रचना २०१५ मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात निएंग यान यांच्या गटानं क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवली. तोवर आम्ही सगळे अनुमानांवर चित्रं काढत होतो, आणि त्यातली बरीचशी बरोबर निघाली याचा आनंद फार मोठा होता.

उघडण्याची युक्ती चौथ्या दांड्यात आहे. त्यावर दर तिसऱ्या जागी धनभारित अमिनो आम्ल असतं, आर्जिनिन किंवा लायसिन. विश्रांतीत पेशीची आतली बाजू ऋण असते, ७० मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणून हे दांडे आतल्या बाजूला ओढलेले राहतात. ७० मिलिव्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण हा दाब जेमतेम चार नॅनोमीटर जाडीवर पडतो. मीटरमागे हिशेब केला तर पावणेदोन कोटी व्होल्ट होतात, हवेत ठिणगी पडायला लागतो त्याच्या पाच-सहा पट. इतक्या तीव्र क्षेत्रात बसलेला भारित दांडा क्षेत्र बदलताच सरकणारच. पेशीची आतली बाजू कमी ऋण झाली की चारही दांडे बाहेरच्या बाजूला सरकतात, त्यांना जोडलेला दुवा ओढला जातो आणि छिद्राच्या आतल्या तोंडाशी मिटलेले दांडे फाकतात. चॅनल उघडला.

उघडल्यावर कॅल्शियमच का येतं? इथे मुलीचा प्रश्न. सोडियम आणि कॅल्शियम, दोन्ही आयनांची त्रिज्या सुमारे एक अँगस्ट्रॉम. आणि बाहेर सोडियम कॅल्शियमच्या शंभरपट. चाळणीनं हे काम होणार नाही हे उघड आहे. तरी चॅनल हजारात एखादाच सोडियम येऊ देतो.

या कोड्याची किल्ली १९८४ मध्ये दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे मिळाली. आल्मर्स आणि मॅकक्लेस्की बेडकाच्या स्नायूवर, तर हेस आणि रिचर्ड त्सिएन हृदयाच्या पेशींवर काम करत होते. बाहेरच्या द्रावणातलं कॅल्शियम जवळजवळ पूर्ण काढून टाकलं, तर हाच चोखंदळ चॅनल सोडियमला धो धो वाहू देतो. मग अगदी थोडं, लिटरमागे एक मायक्रोमोलच्या आसपास, कॅल्शियम परत घातलं की सोडियमचा प्रवाह अर्ध्यावर येतो, पण कॅल्शियमचा प्रवाह अजून दिसत नाही. कॅल्शियम हजारपट वाढवलं की मग तेच वाहू लागतं. म्हणजे छिद्र सोडियमला पुरेसं रुंद आहेच. सोडियम अडतो तो आत कॅल्शियम बसलेलं असतं म्हणून.

कॅल्शियम बसतं कुठे? छिद्राच्या अरुंद भागात चारही भागांतून एकेक ग्लुटामेट (ऋणभारित अमिनो आम्ल) आत डोकावतं. चार ऋणभारांचं कडं तयार होतं. सोडियमवर एक धनभार, कॅल्शियमवर दोन, म्हणून कडं कॅल्शियमला कितीतरी घट्ट धरतं. १९९३ मध्ये त्सिएन यांच्याच गटानं ही ग्लुटामेटं एकेक करून बदलून दाखवली. निवड ढासळत गेली.

पण घट्ट धरणारा चॅनल वेगवान कसा असेल? एक मायक्रोमोललाच कॅल्शियम चिकटतं असं धरून हिशेब केला तर एकेक आयन सुटायला सुमारे एक मिलिसेकंद लागायला हवा, म्हणजे सेकंदाला हजारभर आयन. प्रत्यक्षात सेकंदाला दहा लाखांच्या घरात जातात. हजारपटीचा हा फरक पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दोन दिवस बेचैन होतो. उत्तर असं की छिद्रात एका वेळी एकाहून जास्त कॅल्शियम आयन रांगेत असतात. दगडूशेठच्या मंडपात मूर्तीसमोर पोचलेला भाविक स्वतःहून हलत नाही, मागून दुसरा आला की पुढे सरकतो; तसंच इथे. एकटा आयन कड्यात खिळून बसतो आणि वाट अडवतो. मागून दुसरा कॅल्शियम आयन शिरला की दोन धनभार एकमेकांना लोटतात आणि पुढचा आत सुटतो. मागून सोडियम आला तर? त्याच्या एका भाराचा रेटा अपुरा पडतो, बसलेल्या कॅल्शियमला तो हलवू शकत नाही. म्हणून शरीरातल्या नेहमीच्या प्रमाणात कॅल्शियम भराभर वाहतं आणि शंभरपट सोडियम दाराशी तिष्ठत राहतो. घट्ट धरणं आणि चटकन सोडणं एकाच रचनेतून निघतं. मला यापेक्षा देखणी यंत्रणा जीवशास्त्रात फार थोड्या ठिकाणी भेटली आहे.

आता बंद होणं, कारण उघडं राहिलेलं दार पेशीला मारून टाकेल. विद्युतदाब पूर्ववत झाला की चॅनल मिटतो, पण त्याची वाट न पाहता तो स्वतःहूनही मंदावतो. त्याच्या आतल्या शेपटीला कॅल्मोड्युलिन नावाचं छोटं प्रथिन आधीपासून बिलगलेलं असतं. आलेलं कॅल्शियम त्यालाच चिकटतं आणि ते चॅनलला आवरतं. हे काम कॅल्मोड्युलिनचं आहे हे १९९९ मध्ये स्पष्ट झालं. प्रयोगात कॅल्शियमऐवजी बेरियम वापरलं तर प्रवाह रेंगाळतो, कारण बेरियम छिद्रातून जातं पण कॅल्मोड्युलिनवर त्याची पकड कच्ची. हृदयातल्या चॅनलच्या जनुकात एक विशिष्ट बदल झाला की चॅनल वेळेवर मिटत नाही. त्यातून टिमोथी सिंड्रोम नावाचा दुर्मीळ आजार होतो, ज्यात हृदयाची लय धोकादायक रीतीनं बिघडते आणि बोटंही जुळलेली असू शकतात. एका अमिनो आम्लाचा फरक.

हे मोजतात कसं, तेही थोडं सांगतो, कारण विद्यार्थी विचारतात. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये पॅच क्लॅम्पची पद्धत आणली, त्यासाठी त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. टोकाशी जेमतेम एक मायक्रोमीटरची काचेची नळी पेशीवर टेकवायची, हलकेच ओढ द्यायची, आणि काच व पटल असे घट्ट चिकटतात की एका चॅनलचा प्रवाहही ऐकू यावा. नळीत सीझियम भरायचं म्हणजे पोटॅशियमचे प्रवाह गप्प होतात, बाहेर टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष घालायचं म्हणजे सोडियमचे चॅनल गप्प. पुण्यात हे करताना रस्त्यावरून पीएमपीची बस गेली की टेबल हवेच्या उशांवर असूनही काच आणि पटल यांची घट्ट पकड (सील) सुटायची धास्ती असते, म्हणून चांगल्या नोंदी रात्री उशिरा मिळतात. त्यात कॅल्शियम चॅनल फार हळवा. नळीतल्या द्रावणात पेशीचा आतला रस विरून जातो आणि दहा-वीस मिनिटांत प्रवाह ओसरू लागतो. नळीत एटीपी घातलं की थोडा तग धरतो. चॅनल पेशीच्या आतल्या जिवंतपणावर किती अवलंबून असतो हे पुस्तकापेक्षा त्या ओसरणाऱ्या रेषेतून जास्त कळतं.

आता बाबांची गोळी. रक्तवाहिनीच्या भिंतीत गुळगुळीत स्नायू असतात. त्यांत ‘एल’ प्रकारच्या (विद्युतदाबावर चालणाऱ्या कॅल्शियम चॅनलांपैकीच एक प्रकार) चॅनलमधून कॅल्शियम आलं की वाहिनी आवळते आणि रक्तदाब चढतो. ॲम्लोडिपिन छिद्राच्या तोंडात बूच बसवत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या सांध्यात, मेदाच्या बाजूला एक खाच आहे, तिथे ते बसतं आणि चॅनलला न उघडणाऱ्या स्थितीत अडकवून ठेवतं. व्हेरापामिल आणि डिल्टिआझेम मात्र मधल्या पोकळीतच शिरतात.

मग हृदयातही तोच चॅनल असताना ॲम्लोडिपिननं हृदय दुबळं का होत नाही? हे औषध मिटून अडकलेल्या चॅनलला जास्त चिकटतं. वाहिन्यांच्या स्नायूंचा विश्रांतीतला विद्युतदाब उणे ५० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, तिथे असे चॅनल पुष्कळ सापडतात. हृदयाच्या कप्प्यांतल्या पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये उणे ८५ पर्यंत खाली जातात, तिथे औषधाची पकड सैल होते. व्हेरापामिलचं उलट आहे, ते वारंवार उघडणाऱ्या चॅनलमध्ये शिरतं, म्हणून ठोक्यांची गती कमी करायला ते चालतं, आणि म्हणूनच बीटा ब्लॉकरबरोबर (तेही ठोके मंदावणारं औषध) देताना डॉक्टर फार जपून देतात.

हातापायांच्या स्नायूंचं काय? तिथे ‘एल’ कुटुंबातलाच चॅनल आहे, पण तो मुख्यतः विद्युतदाब ओळखण्याचं काम करतो आणि शेजारच्या जालिकेचं दार थेट ओढून उघडतो. आत साठवलेलं कॅल्शियम तिथून सुटतं, बाहेरून यावंच लागत नाही. रिंगरच्या बेडकाचं हृदय कॅल्शियमविना थांबलं, पण पायाचा स्नायू काही वेळ चालत राहतो, तो यामुळेच. बाबा तळजाईला फिरायला किंवा पर्वतीच्या पायऱ्या चढायला जात असतील तर गोळीमुळे पायांतलं बळ जाणार नाही.

आणि हाडं. भाकरीतलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात येतं ते टीआरपीव्ही-६ नावाच्या वेगळ्याच चॅनलमधून आणि पेशींच्या फटींमधून. मूत्रपिंडात शेवटच्या टप्प्यात कॅल्शियम परत घेतलं जातं ते टीआरपीव्ही-५ मधून. दोन्ही चॅनल विद्युतदाबावर उघडत नाहीत, ‘एल’ कुटुंबातले नाहीत, आणि ॲम्लोडिपिनची नेहमीची मात्रा त्यांना अडवत नाही. उलट बाजूनं पाहिलं तर कितीही नाचणी खाल्ली (१०० ग्रॅमला साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम) तरी रक्तातलं सुटं कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी आणि ‘ड’ जीवनसत्त्व मिळून १.२ मिलिमोलच्या आसपासच ठेवतात. चॅनलच्या बाहेर जे प्रमाण असतं तेच राहतं, गोळी वाया जायचा प्रश्न येत नाही. या गोळ्यांचा अतिरेकी डोस पोटात गेला तर रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम देतात, ते खरं, पण तो झपाट्यानं रक्तात सोडलेला औषधी डोस असतो. दुधाच्या पेल्याशी त्याची तुलना होत नाही.

काळजी कशाची घ्यायची ते सांगतो. घोट्याशी सूज आली तर ती बहुधा गोळीमुळे असते. धमनिका सैल होतात, शिरा तितक्या होत नाहीत, केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. लघवी वाढवणाऱ्या गोळीनं ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध जोडतात, त्यानं बऱ्याचदा फरक पडतो. हिरड्या फुगल्यासारख्या वाटल्या तर दंतवैद्याला गोळीचं नाव सांगा. ॲम्लोडिपिन शरीरातून निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात, म्हणून एखाद्या दिवशी विसरलं तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंदही करू नये.

आईंच्या गोळ्याही एकदा पाहा. त्यांना मधुमेहामुळे किंवा नस दबल्यामुळे पायांच्या जळजळीसाठी प्रीगॅबालिन असेल, तर तेही कॅल्शियम चॅनलच्या एका मदतनीस प्रथिनालाच चिकटतं. मज्जातंतूच्या टोकाशी पोचणाऱ्या चॅनलांची संख्या त्यानं कमी होते. त्याचाही हाडांतल्या कॅल्शियमच्या साठ्याशी थेट संबंध नाही. शेवटी एक खरीखुरी दखल घेण्याजोगी बाब: बाबांना ॲम्लोडिपिनबरोबर क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल (जोडगोळीत ते अनेकदा असतं), तर ते लघवीवाटे जाणारं कॅल्शियम कमी करतं. अशा वेळी दूध-भाकरी बिनधास्त चालू द्या, पण मोठ्या मात्रेच्या कॅल्शियमच्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि त्यांनी सांगितलं तर रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.